पोलॉकची वेळ

कपाटातला वेटसूट आज बाहेर काढला आणि रबराच्या वासासरशी दोन हजार एकवीसचा, आयर्लंडमधल्या गॉलवेचा समुद्र अंगावर आला. कोविडच्या आयसीयूतल्या ड्यूटीतून माझं मन जरा बाहेर निघावं म्हणून शेजारचा शॉन मला पाण्याखाली भाल्याने मासे मारायला शिकवत होता. पाठीवर सिलिंडर, कानात फक्त नळीतला माझाच श्वास, थेट व्हेंटिलेटरसारखा.

पहिल्याच नेमात पोलॉक मासा लागला. बोटीत तो बराच वेळ तोंड उघडत-मिटत राहिला. मग निपचित पडला, तसं मी सवयीने घड्याळात पाहून मोठ्याने वेळ सांगितली.

"ग्रँड, डॉक्टर! पण वेळ कशाला?" शॉन हसला. मीही हसलो.

त्या वर्षी ज्या माणसांची मृत्यूची वेळ मी अशीच सांगितली, त्यांचे चेहरे आता पुसट झालेत. माशाचा मात्र लख्ख आठवतो.