वाया जाणारा गारवा

माझे वडील शुक्रवार पेठेत हातगाडीवर बर्फ विकायचे. भुशात झाकलेली लादी दुपारपर्यंत खपली तर ठीक. नाहीतर सोलापूरचं ऊन तिचं पाणी करायचं आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे भाकरीबरोबर नुसती चटणी असायची. त्या घरातून मी मेकॅनिकल इंजिनियर झाले. घराण्यातली पहिली पदवी. हे मी सगळ्यांना सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

मी कोल्ड स्टोरेजच्या मशिनरीचं काम करते. गेल्या सीझनला वैरागजवळच्या एका प्लांटवरून फोन आला. मालक अण्णा, धंदा सीताफळाच्या गराचा. गर काढला की लगेच गोठवावा लागतो. उशीर झाला की काळा पडतो, आणि काळा गर आइस्क्रीमवाले परत पाठवतात. अण्णांची गर गोठवायची खोली उणे वीस अंशांवर असायला हवी, ती उणे बारावर अडकली होती. सीताफळांच्या गाड्या तर रोज येतच होत्या.

"मॅडम, तिसरं मशीन टाकावं लागतंय," अण्णांनी दारातच निकाल सांगितला. "डीलर म्हनला, दोघांचा दम संपला."

"आधी बघू तर द्या."

"बघा की. पर माल काळा पडायच्या आत बघा."

मशीनरूममध्ये ऑपरेटर महादेव दुसऱ्या मशीनच्या, म्हणजे गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या, डोक्यावर ओलं गोणपाट टाकत होता.

"हे काय चाललंय?"

"ताप हाय त्याला. पट्ट्या ठेवतोय."

ताप खराच होता. मशीन सारखं ट्रिप होऊन बंद पडत होतं.

आता थोडं समजून घ्या. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, तसा अमोनियाचा गॅस दाबला की तापतो. एवढ्या थंड खोलीसाठी तो फार दाबावा लागतो. म्हणून काम दोन मशिनांत वाटतात. पहिलं अर्धवट दाबतं, दुसरं उरलेलं. मध्ये एक टाकी असते, इंटरकूलर. तिच्यातल्या थंडगार द्रव अमोनियातून तो गरम गॅस बुडबुडत जातो आणि गार होऊन दुसऱ्या मशीनकडे निघतो.

मी प्रेशर आणि टेम्परेचर घेतलं, बॅगेतला अमोनियाचा चार्ट काढला आणि त्यावर रेघा मारल्या. अण्णा वाकून बघू लागले.

"ही कुंडली कुनाची?"

"तुमच्या मशीनची."

"काय दोष निघतोय?"

"मधल्या घरात."

इंटरकूलरला जाणारा पाइप गरम, निघणाराही तेवढाच गरम. म्हणजे टाकी नुसती उभी होती. तिला द्रव अमोनिया देणारा व्हॉल्व्ह घट्ट बंद होता.

"हा कुणी बंद केला?"

महादेवने अण्णांकडे पाहिलं.

"मीच सांगितलं की," अण्णा अभिमानाने म्हणाले. "त्या टाकीवर लई बर्फ धरायचा. हितं काय सीताफळं ठेवल्यात व्हय? म्हनलं, हितला गारवा वाचवावा, खोलीत जाईल."

"अण्णा, दुसऱ्या मशीनला गार गॅस लागतो. गरम गॅस फुगतो, मग ते कमी ओढतं, पहिल्याचंही तुंबतं. खोलीकडे जाणारा अमोनियासुद्धा याच टाकीत आधी गार होतो. तुम्ही हितं वाचवलात, तेवढा खोलीत कमी पडला."

"म्हंजे हितं वाया घालवल्याबिगर तितं गार व्हायचं न्हाय?"

"व्हय."

"हे कालिजात शिकवत्यात?"

"फी घेऊन."

व्हॉल्व्ह मी अण्णांनाच उघडायला लावला. मी उघडला असता तर माझी पाठ वळताच त्यांनी काटकसर पुन्हा सुरू केली असती. उघडायला लावला तोही अगदी हळूहळू, कारण द्रव उसळून दुसऱ्या मशीनमध्ये शिरला तर मशीन फुटतं. टाकीवर बर्फ धरू लागला तेव्हा अण्णांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी खोली उणे वीसला आली तेव्हा उजळला.

तेवढ्यात डीलरचा फोन आला. अण्णा माझ्यासमोरच म्हणाले, "तिसरं मशीन रद्द. फॉल्ट सापडला. व्हॉल्व्ह मीच उघडला."

खोटं काहीच नव्हतं. मी चार्टची घडी घालून बॅगेत ठेवली. या धंद्यात एक गोष्ट मात्र पक्की कळते: मशीनमध्ये जे वाया जाताना दिसतं ते कुणाच्या उपयोगाचं आहे, हे विचारूनच चावी फिरवावी. मालकाला ते पटवायचं असेल तर शोध त्याच्या नावावर करावा.

अण्णांचा त्या सीझनचा गर पांढराशुभ्रच गाडीत चढला. प्लांट दोनच मशिनांवर चालतो. त्याची देखभाल माझ्याकडे आहे.