ताईचे श्वास मोजताना

दुखणं थांबवणारं आणि श्वास मंद करणारं मेंदूतलं कुलूप एकच कशाला? कोलकात्यात दिसेल त्या डॉक्टरला मी हे विचारलं. उत्तर मिळालं नाही, किस्से मात्र साठत गेले. ताई जाऊन एकोणीस दिवस झाले. किस्से स्वस्थ बसू देत नाहीत, म्हणून सांगून टाकतो.

ताई बँकेत. बदली होऊन इथे आलेली. कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा मी नागपूरहून आलो. नववी नापास, बंगाली शून्य!

*

ताईला मॉर्फिन देणारे डॉक्टर म्हणाले, "मेंदूत कुलुपं असतात. म्यू, कॅपा, डेल्टा. मॉर्फिन मुख्यतः म्यू उघडतं, दुखणं कमी होतं. पण श्वास चालवणाऱ्या भागातही तेच कुलूप आहे. डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो."

"मग कॅपाचं औषध द्या!"

"त्यात श्वासाला धोका कमी. पण मन उदास होतं, नको नको ते दिसतं."

ताई म्हणाली, "नको. हा दिवसभर समोर बसतो, तेवढं पुरे!"

*

घरी येणाऱ्या नर्सदीदीनं बजावलं, "एक मिनिट निःश्वास गिनना. दस से कम हो तो फोन."

मी मोजले. फोन केला, "दीदी, दोन!"

दीदीची टॅक्सी सियालदहजवळ अडकली. ती उतरून धावत आली, हातात मॉर्फिनच्या उताऱ्याचं इंजेक्शन! ताई पलंगावर मुडी, म्हणजे कुरमुरे, खात बसलेली.

"दीदी, ह्यानं माझे उसासे मोजले!"

बंगालीत निःश्वास म्हणजे साधा श्वास. मला कोण सांगणार?

*

मी पुन्हा डॉक्टरला गाठलं. "दोन म्यू नसतील का? एक दुखण्याचं, एक श्वासाचं?"

"पूर्वी तसं वाटायचं. पण म्यूचा जीन शोधला, तो एकच निघाला."

"नीट शोधलाय ना?"

डॉक्टर हसले. मी थट्टा करत नव्हतो.

*

एका दुपारी श्वास अकरा भरले. मी घाबरलो आणि डोस सिंकमध्ये ओतला. तासाभरात ताई उशी चावायला लागली.

डॉक्टर फोनवर ओरडले, "जागी आहे, बोलते आहे, अकरा चालतात! डोस थोडा थोडा वाढवत आणलाय, शरीराला सवय आहे. आत्ताच्या आत्ता द्या!"

दिला. ताई माझ्यावर ओरडली नाही. दुखणं उतरल्यावर म्हणाली, "बाळ्या, तुला मी श्वास घेताना हवीय. मला न दुखता जगायचंय. सांग, ऐकायचं कुणाचं?"

मी बाल्कनीत जाऊन कुंडीला लाथ मारली. बोटाचं नख गेलं.

"आता तुलाही मॉर्फिन देऊ का रे?" ती आतून म्हणाली.

*

शेवटच्या सकाळी डॉक्टरांनी डोस वाढवायला सांगितला. मी मोजून दिला, थेंबही सांडला नाही.

अर्ध्या तासानं ताई महिन्यात पहिल्यांदा पाठीवर सरळ झोपली.

"बाळ्या, डोकं धुऊन दे."

"आत्ता?"

"आत्ता दुखत नाहीये ना!"

पलंगाच्या कडेला प्लास्टिक अंथरलं, बादली ठेवली, हातात पाण्याचा मग घेतला. केमोनंतर उगवलेले बोटभर केस. शाम्पू दोनदा लावला.

"डोळ्यांत गेला तर याद राख!"

मी तिच्या कपाळावर हात आडवा धरला आणि हळूहळू पाणी ओतलं.