स्कूटरवरून उतरा

लपवलेला डबा शोधत हिंडण्याच्या छंदाला आता जिओकॅशिंग असं नाव मिळालं आहे आणि उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र हातात धरून तो करता येतो, असं नुकतंच वाचनात आलं. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. नव्वदच्या दशकात बंगळुरात आम्ही हेच करत होतो. आमच्याकडे उपग्रह नव्हता, होकायंत्र होतं. आणि होकायंत्र हे एक उपकरण आहे याची जाणीव असलेली मंडळात मी एकटीच होते.

मंडळ म्हणजे बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यातले काही सहकारी. तिथे मोजमापाची उपकरणं बनत. सोमवार ते शनिवार आम्ही केसाच्या जाडीहून लहान चुकांवर वाद घालायचो. रविवारी एकाने स्टीलचा डबा कुठेतरी लपवायचा, बाकीच्यांनी तो शोधायचा. चिठ्ठीवर सुरुवातीची खूण, होकायंत्राचा कोन आणि अंतर. डब्यातली एक वस्तू घ्यायची आणि तिच्या तोलामोलाची दुसरी ठेवायची, हा नियम. मी एकदा चांगलं भिंग ठेवलं. पुढच्या वेळी त्याच्या जागी संपलेली रिफिल होती.

डबे बहुतेकदा अण्णा लपवायचे. अण्णा म्हणजे आमच्या विभागाचे ज्येष्ठ अभियंते, मूळचे बेळगावचे. कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात सुखाने नांदवणारे. त्यांच्या चिठ्ठीत अंतर मीटरमध्ये नसे. ‘एक पेपरमिंट विरघळेपर्यंत चालणे’ असं असे. मी विचारलं होतं, “अण्णा, चावून की चोखून?”

“चोखून गं. चावलं तर शोध लवकर संपतोय की.”

या माणसाच्या हाताखाली मी उपकरणांचं अंशांकन, म्हणजे त्यांची मापं पडताळून अचूक करणं, शिकत होते.

वर्षभरात मला एकही डबा सापडला नव्हता. मी कुणाच्या तरी स्कूटरवरून उतरून, मोकळ्या जागी उभी राहून, हात स्थिर ठेवून कोन घ्यायची, दोनदा पडताळायची आणि हमखास एखाद्या कोबीच्या वाफ्यात पोहोचायची. तोवर बाकीचे डबा उघडून चहाला गेलेले असत. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीतला मोठा शोध मी रचते, असं मी सुचवलं तेव्हा सगळे हसले. अण्णा हसले नाहीत, ते समजावत होते. ते जास्त लागलं.

“रचशील की. पण आधी शोधायला तरी जमू दे. तोवर चिठ्ठ्या तू लिही, अक्षर छान आहे तुझं.”

शेवटी त्यांनी अट घातली: आता लपवलेला डबा जो आधी आणून दाखवेल, दसरा त्याचा. माझ्या मनात त्या शोधाचा आराखडा केव्हाचा तयार होता. दसरा मला हवाच होता, आणि चिठ्ठ्या लिहिणारी म्हणून ओळखलं जायचं नव्हतं.

हा डबा दोन रविवार कुणालाच सापडला नाही. तिसऱ्या रविवारी मी जयनगरच्या खोलीतल्या मैत्रिणीला बरोबर घेतलं. ती नागपूरची, वडिलांची जुनी स्कूटर रेल्वेने मागवून तिच्यावर कामाला जायची. तिला या छंदात काडीचा रस नव्हता.

होसूर रस्त्यालगतच्या मैलाच्या दगडापासून मी कोन घेतला. पेपरमिंट विरघळेपर्यंत चाललो आणि एका गटारापाशी आलो.

“बाप्पा, एवढं शिकून गटार शोधलं तू,” ती म्हणाली.

परत दगडापाशी आले तेव्हा जमिनीवर तेलाचा काळा डाग दिसला. अण्णांच्या स्कूटरखाली असा डाग पडायचाच. कारखान्यात त्यांची जागा त्यावरूनच ओळखू येई. म्हणजे ते इथे थांबले होते, दगडाला अगदी खेटून. आणि मला ते डोळ्यांपुढे दिसले: एक पाय जमिनीवर, होकायंत्र हँडलवर, तोंडात पेपरमिंट. उतरलेच नव्हते. खाली एवढं लोखंड असताना सुईने खरी उत्तर दिशा कशी दाखवायची?

“तुझी स्कूटर या डागावर आण,” मी म्हटलं. “तोंड त्यांनी केलं असेल तिकडेच.”

“आता पूजा करायची का हिची?”

मी सीटवर बसले, होकायंत्र हँडलवर टेकवलं. सुई मुकाट्याने बाजूला सरकली. आता चिठ्ठीतला कोन गटाराच्या कितीतरी डावीकडे, निलगिरीच्या झाडांपलीकडच्या अश्वत्थाकडे जात होता.

झाडाच्या कट्ट्यावर नागशिळा मांडलेल्या होत्या. एक वयस्क बाई हळद-कुंकू वाहत होत्या. शिळांपुढे आमच्या डब्यांत असायच्या तसल्या वस्तू, प्लॅस्टिकची शिट्टी, किल्लीची साखळी आणि एक कंगवा, ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकावर कुंकवाचा ठिपका. बाईंच्या हातातल्या स्टीलच्या डब्यावर एक नाव कोरलेलं होतं. अण्णांकडे जेवताना तेच नाव मी ताटावर वाचलं होतं, त्यांच्या पत्नीचं.

“अक्का, स्वल्प,” जरा द्या, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी डबा पदराआड घेतला.

“देवरदु,” त्या म्हणाल्या. देवाचा आहे. माझं कन्नड यापुढे चालणार नव्हतं, आणि त्यांची बाजूही चुकीची नव्हती. नागशिळेपाशी मिळालेला डबा आणखी कुणाचा असणार?

मी पिशवीतून माझा जेवणाचा डबा काढला. घर सोडताना आईने त्यावर माझं नाव कोरून घेतलं होतं. आतल्या पोळ्या मैत्रिणीच्या हातात दिल्या आणि डबा पुढे केला. अक्कांनी झाकण दोनदा लावून काढून पाहिलं, बूड वाजवलं.

“सरी,” म्हणाल्या, ठीक आहे, आणि कुंकू माझ्या डब्यात ओतलं. वर्षभरात या छंदात झालेली ती पहिली तोलामोलाची अदलाबदल.

सोमवारी मी डबा अण्णांच्या टेबलावर ठेवला. उरलेलं कुंकू त्यांच्या नकाशावर सांडलं.

“हा होय? तो तर सगळ्यांनी त्या बाईंच्या हातात बघितला की,” ते म्हणाले. “मला येऊन म्हणाले, पूजेचा असेल.”

“सगळे त्या झाडापर्यंत पोहोचले होते?”

“पहिल्याच रविवारी.”

“अण्णा, कोन चुकला होता. तुम्ही स्कूटरवर बसून घेतला.”

“बसूनच घेतो. सगळे बसूनच घेतात. उतरायचं कशाला?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. लपवणारे बसून कोन घेत, शोधणारे त्याच दगडापाशी, तसल्याच स्कूटरवर बसून तो परत लावत. एकाची चूक दुसऱ्याची चूक खोडून काढत होती. वर्षभर फक्त एकच माणूस चुकत होता: जी नियमाप्रमाणे उतरत होती ती.

दसरा मला मिळाला. अण्णांनी शब्द पाळला, शिवाय डबा घरी परत आल्याबद्दल त्यांच्या पत्नीने मला निरोप पाठवला. मी कोन जमिनीवर उभी राहून घेतला, अंतर मीटरमध्ये लिहिलं. ते सगळे चुकलेले मला बघता आले असते, पण मला शोध रचायचा होता, सूड घ्यायचा नव्हता. म्हणून चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत लिहिलं: कोन घेण्याआधी स्कूटरवरून उतरा.

त्या दिवशी मी डब्याजवळच्या बांधावर बसून वाट पाहिली. दुपार झाली तरी कुणी येईना. शेवटी मीच सुरुवातीच्या खुणेपाशी चालत गेले. सगळे तिथेच होते, रस्त्याकडेला रांगेने. चिठ्ठी हातोहात फिरत होती.

“पहिल्या ओळीतलं कोडं फार अवघड घातलंस गं,” अण्णा म्हणाले. “हे म्हणतात गॅरेज, ते म्हणतात उताराचा रस्ता. आम्ही दोन्ही बघून आलो. कुठली खूण आहे ती, जरा सांग की.”

एकही जण स्कूटरवरून उतरलेला नव्हता.