सासरेबुवा आणि एक सभागृह

ऐंशीच्या दशकात आम्ही नेब्रास्कात, लिंकन शहरात राहत होतो. नवरा विद्यापीठात शिकवायचा आणि मी घरी शेजारपाजारची लहान मुलं सांभाळायचे. एका हिवाळ्यात सासरे भारतातून आले. त्यांनी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं. या राज्याच्या विधिमंडळाला एकच सभागृह आहे हे कळल्यावर त्यांना चैन पडेना. आपल्याकडे विधानसभेच्या जोडीला विधानपरिषद आहे ती काय उगीच? एका घरात घाईनं झालेली चूक दुसऱ्या घरात पकडता येते, हे ते रोज चहाला मला समजावत. मी म्हणायचे, दोन घरं असली की एकमेकांवर ढकलणं आलं. इथे कोणी काय केलं ते तरी कळतं.

आणि नेमकं तेव्हाच एक विधेयक आलं. घरी मुलं सांभाळणाऱ्यांनी त्या मुलांसाठी वेगळं स्वयंपाकघर ठेवायचं. आमचं घर केवढंसं, माझं काम बंदच पडलं असतं.

"बघ," सासरे म्हणाले, "आता हे अडवायला दुसरं कोण आहे?"

 याचं उत्तर शेजारणीनं दिलं. इथे प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी होते, कोणीही जाऊन बोलू शकतं, दुसरं सभागृह म्हणजे आपणच, असं ती म्हणाली. मुलांकडे मी बघते, तू जा, असंही.

कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, सुनावणीच्या खोलीत मी भीतभीतच जाऊन बसले. सासरे कोट घालून शेजारी बसले होते. माझी पाळी आल्यावर समितीतल्या एका सिनेटरबाईंनी (इथे आमदारांना सिनेटर म्हणतात) विचारलं, मुलांना जेवायला काय देता? वरणभात म्हणजे काय ते सांगता सांगता माझी भीती गेली. एकाच स्वयंपाकघरात मुलं वाटाणे सोलतात, कणकेची चिमणी करतात, तेही सांगून टाकलं. बाई हसल्या आणि लिहून घेऊ लागल्या.

आणखी कोणाला बोलायचंय का, असं अध्यक्षांनी विचारलं, तर सासरे उठून उभे! मी परदेशी पाहुणा आहे, चालेल का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. चालेल म्हणाले.

"एक सभागृह मला मान्य नाही," ते आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाले, "पण माझी सून मला मान्य आहे."

अख्खी खोली हसली. मी लाजले, पण ऊर भरून आला होता.

समितीनं ती अट गाळली आणि उरलेलं विधेयक पुढे मंजूर झालं. सासऱ्यांचं मत मात्र तसूभर हललं नाही. लोक वेळेवर पोचले म्हणून निभावलं, नाही पोचले तर काय, असं त्यांनी विचारलं. मलाही ते पटलं आणि मी तसं सांगितलं. ते इतके खूश झाले की त्यांनी दुसरा चहा स्वतः केला. त्यानंतर परत जाईपर्यंत ते सकाळी नवऱ्याच्या गाडीत बसून कॅपिटॉलला जायचे आणि संध्याकाळी आज कोण काय बोललं ते जेवताना आम्हाला रंगवून सांगायचे.