टॉकीजचं वय वाढवल्याबाबत

विषय : सुरतेतील एक जुने टॉकीज वाचावे म्हणून केलेल्या अर्जामुळे ते बंद पडल्याबाबत.
अर्जदार : अस्मादिक.

हसू नका, चहा निवेल.

घरोघरी केबल आली आणि टॉकीजच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. मालकाला इमारत पाडून साड्यांचं मार्केट काढायचं होतं. दारावर तिकिटं फाडणारे भिकाभाऊ मूळचे खानदेशातले, राहायला सुरतेच्याच गोडादरा भागात. ते रडवेले होऊन माझ्याकडे आले.

"आप्पा, तुम्ही सरकारमा व्हतात. एक अर्ज लिखी द्या. टॉकीज गई तं ह्या वयमा मी कोठे जाऊ?"

अर्ज! निवृत्त कारकुनाला आणखी काय हवं?

मी इमारतीचा समग्र इतिहासच लिहिला. मूळचं नाटकघर, ब्रह्मदेशी सागाचा जिना, पडद्याच्या कमानीवर चुन्याचे मोर, बायकांच्या सज्ज्याला लाकडी जाळी. बांधलं कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण जुन्याला मान असतो, म्हणून दर परिच्छेदाला मी इमारतीचं वय थोडं वाढवत नेलं. शेवट तर असा केला : "छताच्या भेगाभेगांतून इतिहास डोकावतो, आणि गतवैभवाच्या भाराने सज्जा किंचित झुकला आहे."

वाचून दाखवलं, तर भिकाभाऊंनी डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला सांगू?

अर्ज महापालिकेत दिला, आणि तिथले साहेब पाहणीला लगेच आले. इतक्या वेगाने मी नोकरीत एकही कागद हलवला नव्हता! त्यांच्या हातात माझा अर्ज, आणि माझ्या सर्वोत्तम वाक्यांखाली तांबड्या रेघा.

"काका, आ तमे ज लख्युं छे ने? छताला भेगा, सज्जा झुकेला?"

"साहेब, ते अलंकारिक आहे."

"आमच्या फॉर्ममध्ये अलंकाराचा खाना नाही, काका."

जुन्या इमारतीचा कागद धोकादायक बांधकामांच्या टेबलावर जातो. जन्मभर कागद टेबलांवर वाटले, मला हे सुचू नये?

दाराला नोटीस लागली : नागरिकाच्या तक्रारीवरून बंद. मालकाने खूश होऊन माझ्या घरी घारीचा, म्हणजे सुरतेच्या खास मिठाईचा, डबा पाठवला.

नोटिशीखाली भिकाभाऊ स्टुलावर बसले होते. "हाई काय करं आप्पा? मालकले जे जमनं नही, ते तुम्ही करी टाकं!"



मग दुसरा अर्ज केला : इमारत फारशी जुनी नाही, सज्जा सरळ आहे, पहिल्या अर्जदारावर विश्वास ठेवू नये. कार्यालयाने पहिल्या अर्जदाराचा खुलासा मागवला. तो मी सादर केला. आपल्यावर विश्वास ठेवू नये, हे मला मान्य असल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

भिकाभाऊ अजून रोज दाराशी येऊन बसतात. अर्ज विचाराधीन आहे.