शैलाताईची मागची लाथ

पहिल्या दिवशी शैलाताई कुठल्याच मुलीला कबड्डी शिकवत नसे. नवी मुलगी हाफ पँट घालून आली की तिला मैदानाच्या मधोमध एकटीला उभी करायची आणि स्वतः कडेच्या टपरीवर चहा प्यायला निघून जायची. भोईवाड्यातल्या आमच्या त्या मैदानाला एका बाजूने कंबरेइतकी भिंत होती आणि संध्याकाळी त्या भिंतीवर रिकामटेकड्या पुरुषांची रांग बसलेली असायची. माझी वेळ आली तेव्हा मी सहावीत होते. आईने शिवून दिलेली पँट मी दोन्ही हातांनी गुडघ्याकडे ओढत होते, कान तापले होते, आणि ताईचा चहा काही संपत नव्हता. शेवटी कंटाळून मी पँट ओढायची सोडली आणि जमिनीवरच्या चुन्याच्या रेषा बघत राहिले. तेव्हा कुठे ती आली. म्हणाली, "झालं? आता वाक. गुडघ्यात वाक, कंबर खाली, पाठ आडवी. उभ्या मुलीला कुणीही धरतं गो."

पहिले सहा महिने आम्ही दुसरं काही शिकलोच नाही. नुसतं वाकून चालायचं, वाकून पळायचं, वाकून मागे यायचं. कुणाची कंबर जरा वर आली की ताईची काठी हळूच पाठीवर टेकायची. उशिरा येणारीला ती विचारायची, पालखीत बसून आलीस काय? आणि हातात आलेली मुलगी सुटली की, "मेले, ती तुझी मावशी लागते काय सोडून द्यायला?" हे सगळं ती इतक्या मायेने बोलायची की बोलणी खाण्यासाठी आमच्यात चढाओढ असायची.

ती करी रोडच्या चाळीतली. वडील गिरणीत, मूळ गाव कुडाळच्या बाजूचं. संप झाला तेव्हा ती शाळेत होती. संपाबद्दल लोक घसा फाटेपर्यंत बोलत, ताई मात्र एकच गोष्ट सांगायची आणि ती सांगताना हसायची. तिचं म्हणणं असं, की संपाआधी चाळीतल्या पुरुषांना मुली काय घालतात ते ठाऊकच नव्हतं. पाळीवरून यायचे, जेवायचे, झोपायचे. संपात सगळे घरी बसले, गॅलरीत ओळीने उभे राहिले, आणि करायला काही नाही म्हणून खेळायला जाणाऱ्या मुलींच्या पँटची लांबी मोजायला लागले. तक्रार घरी गेली. भावाने तिची पँट बंबात घातली. तिने भावाचीच पँट गुडघ्यावर कापली आणि ती चढवून मैदानावर गेली. पुढे खेळाच्या जोरावर तिला सरकारी कचेरीत नोकरी लागली, त्या पगारावर घर चाललं, आणि मग गॅलरीतल्या कुणाला काही म्हणायचं उरलं नाही.

आमच्या कबड्डी मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याने एकदा सुचवलं होतं, सामन्यांना पाहुणे मोठे येणार आहेत, मुलींना लांब ट्रॅक पँट देऊ या, बरं दिसेल. ताई हो म्हणाली. मात्र त्यांनी आधी स्वतः लांब पँट घालून एक चढाई करून दाखवावी, एवढीच विनंती केली. आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीने त्यांना पँटच्या पायाला धरून आडवं पाडलं. भिंतीवरची माणसंसुद्धा टाळ्या पिटत होती. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

आणि तिची मागची लाथ! चढाईला जाण्याआधी ती दोन्ही तळवे मातीवर घासायची, मग मांड्यांवर पुसायची, मान एकदा डावीकडे मोडायची आणि डाव्या पायावर दोन छोट्या उड्या घेऊन आत शिरायची. आत इकडे तिकडे वाकून फिरायची, काही मिळालं नाही असा चेहरा करून परत वळायची. समोरच्या मुली जरा सैल झाल्या की पाठ त्यांच्याकडे असतानाच तिचा उजवा पाय मागे जायचा, आणि गडी बाद. ती लाथ शिकायला मला चार वर्षं लागली, आणि तरी ती तिच्यासारखी कधीच जमली नाही.

कॉलेजात माझा गुडघा गेला आणि खेळ सुटला. चित्रकला बरी होती म्हणून मी अॅनिमेशन शिकले, आणि लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात काचेचं ऑफिस झालं होतं तिथे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत लागले. आमचा गेम मारामारीचा होता. देशभरातले लढवय्ये एकमेकांशी भिडणार, त्यांत एकच बाई, मुंबईची, नाव ठिणगी. तिचं पहिलं चित्र भिंतीवर लागलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. छातीवर जेमतेम चोळी, काष्ट्याची साडी मांडीपर्यंत फाडलेली, पायात उंच टाचा. आमचा मुख्य चित्रकार निखिल स्वभावाने गरीब मुलगा होता, पण या बाबतीत हटेना. त्याचं म्हणणं, आपला पैलवानही उघडाच आहे, त्याच्याबद्दल तू का बोलत नाहीस? मी म्हटलं, तो लढायला उघडा आहे, ही दाखवायला. तो म्हणाला, खेळणारी सगळी पोरं आहेत, त्यांना हेच लागतं. दोन आठवडे आमची ही भांडणं चालली होती. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "तू स्वतः हाफ पँटमध्ये खेळलीस ना? मग हिला पदर घ्यायला का सांगतेस?"

तेव्हा मला शैलाताई सुचली. मी म्हटलं, मुंबईत लढणारी बाई कशी दिसते ते मी तुम्हाला आणून दाखवते. अंगावर गोळे चिकटवून खऱ्या माणसाची हालचाल कॉम्प्युटरात उतरवून घेतात, तसं तिचं करू. तिची चढाई, तिची लाथ, आणि कपडे तिचेच, जर्सी आणि हाफ पँट. मालकांना कल्पना आवडली. मी जिंकले होते. त्या दिवशी मी घरी जाताना माझ्यावरच खूश होते.

ताईकडे गेले तेव्हा ती मासे साफ करत होती. सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "बघणार कोण?" मी म्हटलं पोरं. "काय बघणार?" म्हटलं, तुझा खेळ. तिने हात धुतले, पदराला पुसले. "माझा काय, म्हातारीचा खेळ," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उजळला होता. "चेष्टा होऊ देऊ नको फक्त. माझ्या पोरी बघतील." मी शब्द दिला. किती सहज दिला!

काळ्या घट्ट सुटात ती आली तेव्हा ऑफिसातली पोरं क्षणभर इकडे तिकडे बघायला लागली. पंचेचाळिशीची बाई, पोट किंचित सुटलेलं. ताई मात्र सरळ खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, माती नव्हती तरी तळवे फरशीवर घासले. समोर कुणी नसताना लाथ मारता येत नाही म्हणाली, म्हणून मला लंगड्या गुडघ्याने समोर उभं राहावं लागलं. मग पूर्ण दुपार ती खेळली. निखिल तोंडाचा आ करून बघत होता. शेवटी त्याने वाकून नमस्कार केला, आणि ताईने त्याला विचारलं, जेवतोस की नाही रे बाबा?

पुढे जे झालं ते एका दिवसात झालं नाही. तसं झालं असतं तर मी भांडले असते. ठिणगीची जर्सी आणि हाफ पँट कायम राहिली, तिला कुणी हात लावला नाही. मग कुणीतरी म्हणालं, कंबर जरा बारीक करू, गेम आहे शेवटी. मग छाती जरा भरली. मग ती हलायला हवी, नाहीतर प्लास्टिकची वाटते. मग कॅमेरा. ठिणगी वाकून फिरते तेव्हा तो मागून, खालून लावला, कारण तिथून लाथ छान दिसते. मग जिंकल्यावर तिने काय करायचं? ताईने करून दाखवलं होतं, मध्यरेषेला हात लावून मागे न बघता परत जायचं. त्याऐवजी ठिणगी तशीच वाकलेली थांबली, आणि खांद्यावरून वळून खेळणाऱ्याकडे बघून हसली. हे हसू मी स्वतः बसवलं. माझ्याच हातांनी, माझ्याच टेबलावर. मनात खुपत होतं, पण ऑफिसात एव्हाना मला सगळे काकू म्हणायला लागले होते आणि मला काकू व्हायचं नव्हतं. शिवाय मी स्वतःला बजावत होते की कपड्यांची लढाई तर मी जिंकलेय, आता प्रत्येक गोष्टीत काय कटकट करायची.

गेम आला आणि मोबाइलवर फिरला. भोईवाड्याच्या त्या भिंतीवर आता काकांच्या जागी पोरं बसत, प्रत्येकाच्या हातात फोन. त्यांनी ठिणगीला पहिल्या दिवशीच ओळखलं. तळवे घासणं, मान मोडणं, डाव्या पायावरच्या दोन उड्या. लहानपणापासून त्यांनी ती चाल रोज बघितली होती. संध्याकाळी ताई मुलींना शिकवायला वाकली की भिंतीवरून शिटी यायची. "ठिणगी, जरा वळून बघ ना!" ताईला आधी काही कळेना. शेवटी तिच्याच एका मुलीने, मान खाली घालून, तिला फोन दाखवला.

मला हे कळलं तेव्हा मी धावत गेले. रस्ताभर काय बोलायचं ते घोकत होते. ताई दारातच बसली होती. मी सुरुवात केली, की ताई, मी खूप भांडले, तुला माहीत नाही आधी कसले कपडे होते, निदान ते तरी मी... तिने हाताने थांबवलं.

"कपड्यांचं काय नाय गो. कपडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "ती मारते कुणाला आणि बघते कुणाकडे?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मी जन्मात कधी मागे वळून हसले काय?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लाज वाटत होती. "वाकल्याशिवाय कबड्डी नाय. आता पोरींना वाका म्हणून सांगू कशी मी? तू सांग."

 दुसऱ्या दिवशी निखिलशी भांडले, ते हसणं काढायला लावलं, कॅमेरा वर घ्यायला लावला. निखिलही ओशाळला होता, त्याने रात्रपाळी करून ते केलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. ज्यांना बघायचं होतं त्यांचं बघून झालं होतं. वर्षभरात तो गेम कुणाच्या लक्षातही राहिला नाही, पोरं दुसरं काहीतरी खेळायला लागली आणि शिट्ट्याही थांबल्या. मुली मात्र विसरल्या नाहीत. काहींच्या आयांनी नाव काढून घेतलं. ज्या राहिल्या त्या जर्सी मागून ओढत ओढत ताठ उभ्या खेळू लागल्या, आणि उभ्या मुलींना धरायला कुणाला कष्ट पडतात? त्या वर्षी ताईचा संघ पहिल्याच फेरीत हरला. हे तिच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

मी मैदानावर जायची, लांब उभी राहायची. ताई माझ्याशी नीट बोलायची, आईची चौकशी करायची, गुडघा कसा आहे विचारायची. तिने एकदा तरी चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पुढे तिने नोकरी मुदतीआधी सोडली आणि ती कुडाळला निघून गेली. पण तिला मी शेवटचं मैदानावर बघितलं ते त्याच्या थोडं आधी. भिंत रिकामी होती. एक नवी मुलगी, दहा-अकरा वर्षांची, ताठ उभी राहून चढाई करत होती आणि दर वेळी धरली जात होती. ताई म्हणाली, थांब, दाखवते. तिने तळवे मातीवर घासले, मांड्यांवर पुसले, आणि वाकायला लागली. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. ती अर्ध्यावरच थांबली आणि सरळ झाली.

माझ्याजवळ चालत आली. माझ्या दंडावर हात ठेवला, मातीने भरलेला. मुलींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "तू आता जा बाय. तू बघत असलीस की मला वाकता येत नाय."

मी निघाले. मागे वळून बघितलं नाही.