शहागडचा शिलालेख आणि माझी सफारी

चहा घ्या आधी. कारण माझ्या पीएच.डी.च्या अर्जाची गोष्ट ऐकताना माणसाच्या हातातला कप हलतो, हा माझा अनुभव आहे. आमच्या हिचा तर अजूनही हलतो, आणि तिनं ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल ते विचारू नका.

मी तेव्हा जालन्यात इतिहास शिकवायचो. राहायला मस्तगडात. कॉलेजातले एकेक सहकारी नावामागं डॉक्टर लावायला लागले, तसं मलाही वाटायला लागलं की आपणच मागं का? गाठलं विद्यापीठातल्या एका सरांना. सर म्हणजे शिलालेखातला माणूस. त्यांनी माझे सगळे विषय ऐकले आणि सगळे झटकले.

"हे समदं होऊन गेलंय," म्हणाले. "कोणी न वाचलेला एक दगड आणा. मंग तुम्ही माझे विद्यार्थी."

आता असा दगड कुठून आणायचा? पण नशीब बघा. सासुरवाडी बीडकडची. जाताना एसटी शहागडला थांबायची, आणि तिथं किसनरावच्या हॉटेलची पायरी म्हणून जो लांबट दगड टाकला होता, त्यावर झिजलेली अक्षरं होती. कित्येक वर्षं त्या अक्षरांवर पाय देऊन मी भजे खाल्ले होते. सरांना सांगितलं तर सर खुर्चीतून उठलेच.

"मापं घ्या. रस्त्यापासून किती आत हाय तेही लिहून आणा. मंग मी येतो वाचायला. अर्जाची तारीख जवळ आलीय, जल्दी करा."

इथून माझी अक्कल सुरू झाली. मला धास्ती अशी, की हा विषय कोणी पळवला तर? म्हणून ठरवलं, तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्नातली सफारी चढवली. मित्राकडं लिलावात घेतलेली जुनी सरकारी जीप होती, ती त्याच्यासकट मागून घेतली. मोजणीचा लांब फिता घेतला. आणि हायवेवर, हॉटेलासमोर, जीपमधून उतरलो.

उतरून काय केलं? सरांनी सांगितलं तेच. डांबराच्या कडेपासून पायरीपर्यंत फिता धरला आणि आकडा लिहिला.

किसनराव पळत आला. "साहेब, कुठून आलात?"

"वरून आदेश आहे," मी म्हणालो. खोटं होतं का? सर वरच्या मजल्यावर बसायचे.

"ह्या पायरीचं काय करून राह्यले साहेब?"

"ते आत्ता सांगता येणार नाही."

किसनरावचा चेहरा उतरला. मला वाटलं, उन्हानं. तेवढ्यात शेजारचा टायर पंक्चरवाला आला, मागून पानटपरीवाला. "साहेब, आमचंबी मापात येतंय का?"

पायरीवरून त्यांचं लक्ष उडावं म्हणून मी दिलदारपणे म्हणालो, "येतंय की." आणि सगळी लाइन मोजून काढली. मग भज्यांच्या प्लेटी आल्या. एक संपली की दुसरी. पानवाल्यानं विडा दिला. परतताना जीपमध्ये मी मित्राला म्हणालो, शहागडची माणसं फार प्रेमळ. अक्षरांचा ठसा घ्यायचा राहिलाच, पण म्हटलं सर येणारच आहेत.

त्या दिवसांत रस्ता रुंद होणार अशी आवई उठलेली होती, हे मला कुठं माहीत? मी शिवकाळात राहायचो.

आठवड्यानं सरांना घेऊन एसटीनं शहागडला उतरलो. पायरीच्या जागी नुसता खड्डा. आणि हॉटेल, पंक्चरचं दुकान, टपरी, सगळ्यांच्या पुढं, बरोबर डांबराच्या कडेला, एक ओटा. ओट्यावर माझा शिलालेख. उभा. शेंदरात बुडवलेला, वर चांदीचे डोळे, पुढं नारळाच्या करवंट्या.

किसनरावनं मला पाहिलं आणि हात जोडले. मला नव्हे, दगडाला.

"मोजा साहेब," म्हणाला. "आता देव हाय हितं. देवाच्या मागं आमी हाओत. कुठून मोजायचं तिथून मोजा."

"अहो, मी प्राध्यापक आहे! रस्ता खात्याचा माणूस नाही!"

"पाडायला येणारे समदे असंच म्हणतेत."

शेंदराला हात लावायची सोय उरली नव्हती. पंक्चरवाला टायर काढायची लोखंडी टॉमी हातात घेऊनच उभा होता. मी सरांकडं पाहिलं. वाटलं, संपलं आपलं. अर्ज गेला, विषय गेला, डॉक्टरकी गेली. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं. आणि सर? सर पोट धरून बाकड्यावर बसले होते.

"शिलालेख गेला," डोळे पुसत म्हणाले. "पण देव नवा हाय. नवीन देव कसा उभा राहतो, ह्याच्यावर करा अर्ज. पुढच्या खेपेला. लोकांकडून त्याची कथा लिहून आणा."

काही महिन्यांनी परत गेलो. साधा सदरा, वाढलेली दाढी, त्यामुळं कोणी ओळखलं नाही. ओट्याजवळ एक मावशी फुलं विकत होती.

"लई जागृत हाय बाबा," ती म्हणाली. "हितं एक राक्षीस आल्ता. जीपमधी बसून. समद्यायची दुकानं गिळायला. देवानं नुसते डोळे उघडले, तसा पळून गेला."

"दिसायला कसा होता?"

"म्या न्हाई पाह्यला. पण लई खादाड, म्हणतेत. किसनरावची भज्याची कढई रिकामी केल्ती मुडद्यानं."

मी खाली मान घालून शब्दाला शब्द उतरवून घेतलं आणि अर्जाला जोडलं.

मुलाखतीला विद्यापीठात पाच तज्ज्ञ बसलेले. त्यातल्या सगळ्यात गंभीर गृहस्थांनी चष्मा वर केला.

"कथा रोचक आहे. पण ह्या राक्षसाला काही प्रत्यक्ष आधार सापडतो का? की निव्वळ लोककल्पना?"

आमचे सर रुमाल तोंडात धरून खिडकीबाहेर बघायला लागले. मी उभा राहिलो. मुलाखत म्हणून तीच सफारी घालून गेलो होतो, ती जरा खाली ओढली.

"आधार आहे सर," म्हणालो. "भजे मीच खाल्ले."